आभाळात खून, नागपुरात फिर्याद

१

माणूस मेला की खाली पडतो, एवढं तर मला पक्कं ठाऊक होतं. खुनाचे खटले लढवून लढवून माझे केस पांढरे झाले आहेत. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा तो गोरा माणूस मेला तरी पडेना. हात पसरून तसाच तरंगत राहिला, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बंद करा ना ताई," ईश्वरदास पराते म्हणाले. ते पडद्याकडे पाठ करून बसले होते.

ईश्वरदास म्हणजे तांडापेठेतले जुने विणकर. माग केव्हाच बंद पडला, आता ते एका कापडाच्या दुकानात नोकरी करतात. त्यांचा मुलगा अंकुर शास्त्रज्ञ झाला आणि एका परदेशी कंपनीच्या अवकाश स्थानकावर काम करायला गेला. तेव्हा नागपुरात चौकाचौकात त्याचे फलक लागले होते. आता अंकुर नागपूरच्याच जेलात होता. त्याच्यावर आरोप होता आर्तो नावाच्या फिनलंडच्या इंजिनियरचा खून केल्याचा.

व्हिडिओ त्या स्थानकातला होता. अंकुर एका पांढऱ्या डब्याचं सील फोडतो, संत्रा बर्फीचा तुकडा काढतो आणि हसत हसत स्वतःच्या हातानं आर्तोला देतो. थोड्या वेळात आर्तो गळा धरतो. त्याचे ओठ सुजतात. अंकुर धडपडत इंजेक्शन आणतो, एक देतो, दुसरं देतो. काही उपयोग होत नाही.

आर्तोला शेंगदाणा चालत नव्हता. साधा चालत नव्हता असं नाही, कणभर पोटात गेला तरी जिवावर बेतायचं. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि उरलेल्या बर्फीत शेंगदाण्याचे कण सापडले होते.

तरी मी म्हटलं असतं, अपघात. पण पुढचं पाहिलं आणि ते म्हणणं टिकेना. आर्तो निपचित पडल्यावर, म्हणजे निपचित तरंगायला लागल्यावर, अंकुर हवेत हात मारतो, काहीतरी चिमटीत पकडतो आणि पटकन तोंडात टाकून गिळून टाकतो.

"काय गिळलं गा त्यानं?" मी विचारलं.

"सांगत नाही ना! कोणालेच सांगत नाही." ईश्वरदासांचा आवाज फुटला. "अन् आता नवीनच काढलं त्यानं. म्हणते, माह्यावर इथं खटला चालवू नका. मले बाहेरच्या देशात पाठवा."

२

आता हे ऐकून कोण हादरणार नाही? अख्ख्या वकिलीत मला असा आरोपी भेटला नव्हता. आपल्या घरचं जेल सोडून परक्या देशाचं जेल कोण मागतं, मला सांगा!

मी तडक जेलात गेले. अंकुर समोर येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"बाबू, कायदा समजून घे," मी म्हटलं. "स्थानकाची नोंदणी ज्या देशात, तो देश म्हणते आमचा कायदा. आंतरराष्ट्रीय करारात तसं आहेच. फिनलंड म्हणते माणूस आमचा मेला. आणि आपला कायदा म्हणते, भारताचा नागरिक जगात कुठंही गुन्हा करो, जमीन असो नाही तर आभाळ, आम्ही त्याला इथं उभा करू शकतो. केंद्रानं प्रकरण नागपूरच्या कोर्टात दिलं आहे. सोमवारी तुझं बयान. तू स्वतःच 'मला पाठवा' म्हटलं, तर माझ्या हातात काही उरणार नाही. तिकडं जन्मठेप आहे."

"मले मालूम आहे."

"मग काहून?"

"ताई, जे झालं ते वर झालं." तो टेबलाकडे पाहत होता. "वरचं वरच राहू द्या. पेपरमध्ये छापून येऊ द्या का अंकुर परातेनं आभाळात माणूस मारला. नागपुरात काही झालं नाही."

"अरे, नागपुरात काही झालं असं कोण म्हणून राहिलं?"

त्यानं चटकन मान वर केली. एका क्षणात त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो उठला, शिपायाला हाक मारली आणि निघून गेला.

मी तिथंच बसून राहिले. नागपुरात काही घडलं असेल, हा विषय मी काढला नव्हता. त्यानं काढला होता.

३

खुनाचं कारण म्हणून सरकारी वकिलांनी एका प्रयोगावरून अंकुर-आर्तोची झालेली बाचाबाची पुढे केली होती. पण राग धरणारा माणूस जमिनीवरही असू शकतो. म्हणून मी जरीपटक्याला गेले, साहिल मोटवानीकडे. अंकुरसोबत त्यानंही प्रशिक्षण घेतलं होतं. निवड अंकुरची झाली आणि साहिल राखीव राहिला. आता तो वडिलांच्या मोबाइलच्या दुकानात बसत होता.

"दीदी, जलन झाली ना मले, खोटं काहून बोलू?" तो म्हणाला. "महिनाभर मी त्याचा फोन उचलला नाही. पण तो डबा माह्या हातात कधी आलाच नाही. त्याच्या खाण्याचं सगळं पियुषकडे होतं, वाडीला. तिथं पॅक झालं, सील लागलं, मग किरणांनी जंतू मारले अन् माल गेला."

"किरणांनी शेंगदाणाही मरतो का रे?"

"नाही ना! जंतू मरतात. शेंगदाण्याचा कण तर कणच राहतो." बोलता बोलता तो थांबला. "दीदी, पण सील तर वर फुटलं. म्हणजे दाणा आधीच आत होता? हे भगवान!"

वाडीत ट्रकांच्या गर्दीतून, गोदामांच्या रांगेतून मी पियुषच्या कारखान्यात पोचले. पियुष हा अंकुरचा शाळेपासूनचा मित्र. दारावर मोठी पाटी होती: शेंगदाणा आत आणण्यास सक्त मनाई. कामगारांचे जेवणाचे डबेसुद्धा बाहेरच्या शेडमध्ये ठेवलेले होते. मी मनातून खूष झाले. व्यवस्था चोख होती.

पण पियुष बोलायला लागला आणि मला खटकायला लागलं.

"ताई, साधी गोष्ट आहे," त्यानं मी काही विचारायच्या आत सुरू केलं. "वरचा गुन्हा, वरचा कायदा. स्थानक ज्याचं, त्याचा कायदा. आपल्या पोलिसांचा इथं संबंधच येत नाही. मी वकिलाचं मत घेऊन ठेवलं आहे."

"तू काहून मत घेतलं बाबू? तुझ्यावर कोणी काही म्हटलं का?"

"नाही, तसं नाही..." त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. "डबा कंपनीनं बाहेरून पाठवला होता, निर्जंतुक करून. एकच डबा. तो कारखान्याच्या आत आला, भरला, सील केला. मधे एकदाही बाहेर गेला नाही. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. अंकुरला गुन्हा वरच राहायला हवा होता. पियुषलाही तेच हवं होतं. या दोन पोट्ट्यांना आभाळाचं एवढं प्रेम का आलं, ते मला कळेना, आणि माझं डोकं भणभणायला लागलं.

४

रविवारी मी तांडापेठेत गेले. अंकुरच्या आईला, सखूबाईला, अजून भेटले नव्हते. नरखेडहून भावानं बागेतली संत्री पाठवली होती, ती स्टीलच्या डब्यात भरून नेली.

बाई चुलीपुढच्या पाटावर बसल्या होत्या. खटल्याचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"जेवते का वं तो तिथं?" एवढंच त्यांनी विचारलं. "अळणी भाजी त्याले चालत नाही. लहानपणापासून."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! चहा झाला. मी निघाले तशी त्यांनी माझा डबा रिकामा केला, धुतला, पुसला. मग कोपऱ्यातल्या बरणीतून मूठभर फुटाणे काढून त्यात घातले, वर गुळाचा खडा ठेवला.

"अहो, राहू द्या ना," मी म्हटलं.

"रिकामा डबा कसा देऊ वं ताई? माह्या सासूनं कधी दिला नाही, मीबी कधी दिला नाही. अन् आता तर लेकरू जेलात हाय. आता तर नाईच नाई."

डबा घेऊन मी स्कूटरपर्यंत आले, किल्ली लावली, आणि माझा हात तसाच थांबला. मी उलट्या पावली घरात शिरले.

"सखूबाई, अंकुरच्या संगं वर गेला तो पांढरा डबा... तुमच्या हातात आलता का हो कधी?"

"आलता ना!" बाईंचा चेहरा उजळला. "पियुष घिऊन आलता, फोटो काढाले. म्हणे, आई डबा देऊन राहिली असा फोटो टाकू, अख्खं नागपूर पाहीन. थांबा, दाखवते."

त्यांनी मोबाइल आणला. फोटोत सखूबाई दोन्ही हातांनी तोच पांढरा डबा पियुषला देत होत्या. झाकणावर कुंकवाचं बोट. मागे देवघरात बेलपानांचा ढीग.

"महाशिवरात्र होती का?"

"हो ना. बेल दिसते ना मांगं."

"आणि डबा परत देतानी... रिकामा दिला?"

"काय बोलता ताई! पोराच्या परवासाचा डबा, अन् रिकामा?" त्या हसल्या. "उपास होता ना, पियुषलेबी उपास. मंग दाण्याचे लाडू केले होते, तेच भरून देले. भल्ला खूश झाला तो."

त्या हसतच होत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. बापा रे! एक माणूस आभाळात गुदमरून मेला होता, आणि त्याचा मृत्यू या बाईच्या मायेनं भरला होता, आणि तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

५

पियुषला मी त्याच दुपारी पकडलं. फोटो त्याच्यापुढे धरला.

"डबा बाहेर गेला नव्हता ना बाबू? मग हा कोणाच्या घरात आहे?"

तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. मी एकेक करून सांगत गेले. त्याच्या कारखान्यात शेंगदाणा नव्हता, मान्य. किरणांनी दाणा मरत नाही. सील शेवटपर्यंत शाबूत होतं. म्हणजे बर्फी भरण्याआधी डब्यातच दाणा होता, आणि डबा फक्त एकाच घरी गेला होता, उपासाच्या दिवशी, जिथून भांडं रिकामं परत येतच नाही.

"लाडू मी खाल्ले," तो रडवेला होऊन म्हणाला. "मावशीच्या हातचे होते ताई, फेकून कसे देऊ? बाहेरच बसून खाल्ले. अन् डबा..."

"डबा धुतला?"

"कंपनीला कळवलं असतं तर त्यांनी दुसरा पाठवला असता. वेळ गेला असता, कंत्राट गेलं असतं. मी फडक्यानं पुसला. झाकणाच्या खाचेत काही राहिलं असन असं डोक्यातच नाही आलं. अन् मी सही करून दिली, डबा शुद्ध आहे म्हणून."

"आणि अंकुर जन्मठेपेला चालला, तरी तू तोंड उघडलं नाही?"

त्यानं तळहातांनी तोंड झाकलं. माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला सांगू! पण मी तिथून निघाले आणि जेल गाठलं.

अंकुरपुढे मी फक्त एवढंच म्हटलं, "दाण्याचं लाल फोलपट होतं ना ते? जे तू गिळलं?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"जमिनीवर असतं तर ते कोपऱ्यात पडून गेलं असतं ताई," तो म्हणाला. "कोणाच्या नजरेत आलं नसतं. वर काही पडत नाही. आर्तो गेला अन् ते माह्या तोंडासमोर तरंगत आलं. एवढंसं. मले एकदम आठवलं. मायनं फोनवर सांगतलं होतं, तुह्या डब्यात मी लाडू घालून देले होते, भेटले का? मी हसलो होतो तेव्हा. मले वाटलं पियुषनं डबा बदलला असन."

"म्हणून गिळून टाकलं."

"तिच्या हातानं माणूस मेला असं कोणालेच कळू नये म्हणून."

"अरे वेड्या, कायदा तिच्या केसालाही धक्का लावणार नाही! तिला आर्तोचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ना हेतू, ना जाणीव. दोष पियुषचा आहे, डबा शुद्ध आहे म्हणून सही त्यानं केली."

"कायद्याचं कोण बोलून राहिलं ताई?" तो कळवळून ओरडला. शिपाई दचकून वळला. "कायदा सोडून देईन तिले. ती स्वतःले सोडीन का? गुन्हा वर राहिला तर तिच्या सैपाकघरात कोणी पाहत नाही. म्हणून मले तिकडं पाठवा म्हणतो. मी जातो जेलात. पण तिले सांगू नका. तुम्हाले तिची शपथ आहे."

६

त्या रात्री मला झोप लागली नाही. पियुषनं सकाळी शब्द फिरवला असता, तर फोटोवरून काय सिद्ध होणार होतं? डबा घरी आला होता, एवढंच. आत लाडू होते हे सांगणारी दुसरी एकच व्यक्ती होती. तिला विचारायचं, म्हणजे तिला सगळं सांगायचं. नाही सांगायचं, म्हणजे मुलगा जन्मभरासाठी गेला. अंकुरचा मला इतका राग आला होता, आणि इतकी कणव आली होती, की मी एकटीच घरात बडबडत होते.

सकाळी मी तांडापेठेत गेले. ईश्वरदासांना शेजारी बसवलं आणि सखूबाईंना सांगितलं. काही लपवलं नाही. शपथ मोडली.

ईश्वरदासांनी "अरे देवा" म्हणून कपाळावर हात मारला. सखूबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मला वाटलं, आता या कोसळतील.

"त्या पोराले माय हाय?" त्यांनी विचारलं.

"आर्तोला? आहे."

"तिले काय सांगतलं?"

"तिला सांगितलं आहे, की तुमच्या मुलाला सोबतच्या माणसानं जाणूनबुजून मारलं."

"तवापासून ती तेच धरून बसली असन?"

"हो."

सखूबाई उठल्या. पदर खोचला, पायात चपला घातल्या. "चाला," त्या म्हणाल्या.

कोर्ट खच्चून भरलं होतं. परदेशी वकील, दिल्लीचे वकील, पत्रकार, सगळे. आधीपासूनच त्यांची जुंपली होती. घटना नोंदणीच्या देशात घडली असं धरायचं की मृताच्या देशात, की आरोपीच्या? करारातली कलमं वाचली जात होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, कृत्य जिथं झालं तिथला कायदाही विचारात घ्यावा लागतो, आणि मला त्यासाठी एक साक्षीदार उभी करायची आहे.

सखूबाईंना पिंजऱ्यात चढताना पाहिलं आणि अंकुर किंचाळला, "माय! चूप राय! काही बोलू नको!"

पोलिसांनी त्याला धरलं. सखूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, लहान मुलाला दटावतात तसं.

"बाई, तुम्ही जे बोलाल ते तुमच्याविरुद्धही जाऊ शकतं," न्यायाधीश म्हणाले. "समजलं का?"

"समजलं साहेब."

"मग सांगा. घटना कुठं घडली?"

एवढ्या मोठमोठ्या वकिलांना त्याच एका प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं.

"माह्या सैपाकघरात," सखूबाई म्हणाल्या. "तांडापेठेत. डब्यात दाण्याचे लाडू मी घातले. पोरानं काही केलं नाही. वर काहीच झालं नाही साहेब, जे झालं ते इथं झालं."

अंकुर कठड्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता. मागच्या बाकावर पियुष उभा राहिला होता आणि रडत रडत म्हणत होता, खरं आहे, खरं आहे. न्यायाधीशांनी टंकलेखकाला लिहायला सांगितलं. परदेशी वकील एकमेकांकडे पाहत राहिले, आणि मी, कोर्टात कधी डोळ्यांत पाणी न आणणारी बाई, पदरानं नाक पुसत उभी होते.

"आणखी काही सांगायचं आहे?" न्यायाधीशांनी हळू आवाजात विचारलं.

सखूबाईंनी कठडा घट्ट धरला.

"हो," त्या म्हणाल्या. "त्या बाईले कोणी फोन लावून देता का? मले तिच्याशी बोलाचं हाय."